व्हॉट्सअ‍ॅपवरचा ज्वालामुखी आणि दिल्लीवरून गेलेली खरी राख

ओसरी | २६ नोव्हेंबर २०२५, रात्री ९:१४

सोमवारी रात्री जेवणं उरकून फोन हातात घेतला तर घरच्या ग्रुपवर एकच फोटो चौघांनी टाकलेला. ढगांच्या पांढऱ्या गादीला मधोमध गोल भोक, त्यातून वर आलेला करडा-तपकिरी खांब, आणि खांबाच्या डोक्यावर दुधाच्या सायीसारखी पातळ पांढरी टोपी. खाली मजकूर: "इथिओपियाचा ज्वालामुखी अंतराळातून! राख आज रात्री भारतात. मास्क लावा." आत्याने वर "काळजी घ्या रे पोरांनो" जोडलेलं. आत्या राहते कराडला.

फोटो शंभर टक्के खरा. पण तो १२ जून २००९ चा आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या अंतराळवीरांनी खिडकीतून काढलेला, सारिचेव नावाच्या ज्वालामुखीचा. जपानच्या ईशान्येला रशियाच्या ताब्यातली कुरील बेटांची माळ आहे, त्यातल्या मातुआ बेटावरचा हा डोंगर. उद्रेक ऐन सुरू होत असताना स्थानक नेमकं डोक्यावरून गेलं. असा योग दुर्मीळच, म्हणून जगात कुठेही ज्वालामुखी फुटला की हाच फोटो फिरतो. एका परीने तो ज्वालामुखींचा पासपोर्ट फोटो झालाय.

पीकपाहणीसाठी उपग्रहचित्रं बघणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे हात शिवशिवले आणि खऱ्या उद्रेकाची चित्रं शोधत बसले. त्यासाठीच हा धागा.

खरा ज्वालामुखी: हायली गुब्बी. इथिओपियाच्या अफार भागात, एर्टा आलेच्या रांगेत. रविवारी, २३ नोव्हेंबरला, आपल्याकडे दुपारचे दोन वाजले असतील तेव्हा फुटला. तो याआधी फुटल्याची नोंदच नाही. गेल्या दहा-बारा हजार वर्षांत शांतच, असं भूवैज्ञानिक धरून चालले होते. राख साधारण १४ किमीपर्यंत चढली. जवळच्या अफदेरा गावावर राखेचा थर बसला, गुरांना चरायला काही उरलं नाही अशा बातम्या आल्या. आपल्याकडच्या वाहिन्यांनी त्या गावाला दहा सेकंद दिले आणि दिल्लीला दहा तास. असो.

मेटिओसॅट या युरोपच्या हवामान उपग्रहाची दर पंधरा मिनिटांची चित्रं एकामागून एक लावून बघितली. एका चित्रात अफारवर काहीच नाही, पुढच्यात टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, त्यापुढच्यात शेंगदाण्याएवढा. मग तो ठिपका पसरला आणि त्याला शेपूट फुटलं. शेपूट तांबडा समुद्र ओलांडून येमेनवर, ओमानवर, तिथून अरबी समुद्रावर. या दिवसांत त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची नदीच वाहत असते. राख त्या नदीत पडली. सोमवारी संध्याकाळी गुजरात-राजस्थान, रात्री अकराच्या सुमारास दिल्ली. चार हजार किमीच्या वर अंतर, साधारण ३३ तास. भागाकार करा, ताशी सव्वाशे किमी. आमची पुणे-कराड एसटी लाजेल.

आता मला सांगायची खरी गोष्ट. रात्री अकरा वाजता उपग्रहाला राख दिसली कशी? सूर्य नाही, काळोख, आणि तोवर ती इतकी पातळ झालेली की दिवसाही डोळ्यांना धूसर आभाळच वाटलं असतं.

उत्तर इतकं साधं की मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हसू आलं होतं: वजाबाकी. उपग्रह खालून येणारी उष्णता मोजतो, वेगवेगळ्या तरंगलांबींवर. त्यातल्या दोन शेजारच्या: एक ११ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, दुसरी १२. नेहमीचा ढग पाण्याचा किंवा बर्फाचा. तो १२ वरची उष्णता जास्त गिळतो, म्हणून १२ चं तापमान थोडं कमी भरतं. राख म्हणजे सिलिकेट, दगड आणि काच. तिचं नेमकं उलटं: ती ११ वर जास्त गिळते. म्हणून ११ मधून १२ वजा करायचे. उत्तर अधिक आलं तर ढग, उणे आलं तर राख. फ्रेड प्राटा या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये हे मांडलं आणि आजही जगभर कामाचा कणा हाच आहे.

या वजाबाकीला रंग देऊन जी चित्रं करतात त्यांत राख लालसर-गुलाबी दिसते, सल्फर डायऑक्साइड हिरवट, दोन्ही मिसळले की पिवळं. सारिचेवच्या फोटोशेजारी हे चित्र ठेवलं तर शाळकरी पोराने रंगपेटी सांडल्यासारखं दिसतं. ग्रुपवर टाकलं, एकाही माणसाने अंगठा दिला नाही.

---

रिकामटेकडा | २६ नोव्हेंबर, रात्री ९:३१

पयला!
आत्यांना सांगितलंत का पण?

---

ओसरी | २६ नोव्हेंबर, रात्री ९:३६

सांगितलं. "असू दे, फोटो छान आहे" असं उत्तर आलं.

---

दर्यावर्दी | २६ नोव्हेंबर, रात्री १०:०२

आमच्याकडे हा विषय चार दिवस ताटात आहे म्हणून लिहितो. अब्बा-अम्मी उमऱ्याला निघाले होते. सोमवारी मुंबईहून जेद्दा. रत्नागिरीहून रात्रीच्या गाडीने आले, बॅगा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून झाल्या, आणि विमान रद्द. काउंटरवरचा पोरगा सारखा म्हणत होता, "अंकल, व्होल्कॅनिक अ‍ॅश." अब्बांनी काचेबाहेर बोट दाखवलं, "बाळा, निळंशार आभाळ आहे. कुठे आहे राख?" पोरगा गप्प. त्यालाही दिसत नव्हती.

अब्बांनी चाळीस वर्षं मासेमारीची लाँच चालवली. त्यांचं म्हणणं, जे दिसत नाही त्याला घाबरून बंदरात बसायचं तर धंदा करूच नये. दोन दिवस मुंब्र्याला मामूंकडे काढले, उद्याचं तिकीट मिळालंय. तुमची ती वजाबाकी आत्ता फोनवर वाचून दाखवली. थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे आमच्या फिशफाइंडरसारखं. पाण्यात दिसत नाही, पण पडद्यावर दिसतं." मी म्हटलं, हो, तसंच.

---

ओसरी | २६ नोव्हेंबर, रात्री १०:१०

दर्यावर्दी, अब्बांना माझा सलाम. मी एवढा मोठा परिच्छेद लिहिला, त्यांनी एका ओळीत आटोपलं.

---

इंजिनवाला | २६ नोव्हेंबर, रात्री ११:२५

निवृत्त विमान अभियंता. सहसा वाचनमात्र असतो, पण दर्यावर्दींच्या अब्बांसाठी लिहिणं भाग आहे. दिसत नाही म्हणून घाबरू नये, या विचाराने एकदा २६३ माणसं जाता जाता वाचली.

२४ जून १९८२. ब्रिटिश एअरवेजचं ९ क्रमांकाचं उड्डाण, बोइंग ७४७. लंडनहून ऑकलंडला, वाटेत आपल्या मुंबईतही थांबलं होतं. क्वालालंपूर सोडून पर्थकडे जाताना जावा बेटाच्या दक्षिणेला, रात्री, ३७ हजार फुटांवर. आभाळ निरभ्र. रडारचा पडदा स्वच्छ, कारण विमानातलं हवामान रडार ओल्या थेंबांवर चालतं, कोरड्या बारीक राखेवरून त्याला परतीचा आवाज येत नाही. पुढच्या काचेवर निळसर ठिणग्या नाचायला लागल्या. केबिनमध्ये गंधकाचा वास. चौथं इंजिन बंद पडलं, आणि पाहता पाहता चारही. कॅप्टन एरिक मूडी यांनी प्रवाशांना शांतपणे सांगितलं की किरकोळ अडचण आहे, चारही इंजिनं बंद आहेत, सुरू करायचा प्रयत्न करतोय. विमान पंधराएक मिनिटं घारीसारखं तरंगत खाली आलं. साडेतेरा हजार फुटांच्या आसपास इंजिनं पुन्हा धरली. जकार्ताला उतरले तेव्हा पुढची काच पॉलिश पेपरने घासल्यासारखी आंधळी झाली होती, कडेच्या चिंचोळ्या पट्टीतून बघून विमान टेकवलं. कारण: गालुंगगुंग ज्वालामुखीची राख.

इंजिनं बंद का पडली आणि पुन्हा सुरू का झाली, यात सगळी मेख आहे. राखेतली काच साधारण ११०० अंशांना वितळते. इंजिनाच्या ज्वलनकक्षात तापमान त्याहून बरंच जास्त. आत गेलेली राख वितळते आणि पुढच्या टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसते, हवेची वाट बुजते. इंजिन बंद पडून गार झालं की तीच काच कडक होऊन तडकते, तुकडे उडून जातात, वाट मोकळी होते. म्हणजे बंद पडलं म्हणून वाचलं. ट्रेनिंगला आम्हाला असं एक पातं दाखवलं होतं. काकवी ओतून वाळवल्यासारखा थर, वरून चकचकीत. नखाने निघेना.

१५ डिसेंबर १९८९ ला अलास्कात केएलएमच्या नव्याकोऱ्या ७४७ चं अगदी हेच झालं, रिडाउट ज्वालामुखीच्या लोटात शिरून. तेही सुखरूप उतरलं, पण दुरुस्ती ८ कोटी डॉलरच्या वर गेली. त्यानंतर जगाची नऊ केंद्रांत वाटणी झाली, प्रत्येक केंद्र आपापल्या आभाळातल्या राखेवर नजर ठेवतं. इथिओपियाचा भाग फ्रान्समधल्या तुलूज केंद्राकडे. काउंटरवरच्या त्या पोराच्या हातातला निरोप तिथून निघालेला होता.

---

शंकासूर | २७ नोव्हेंबर, सकाळी ७:४८

माहितीपूर्ण धागा. तीन शंका.
१. १४ किमी उंची कशी मोजली? कोणी टेप धरली?
२. राख १४ किमीवर तर विमानं खालून का नाही जात?
३. दिल्लीच्या हवेत आधीच इतकं काय काय आहे, त्यात ही राख कुणाला कळली तरी का?

---

रिकामटेकडा | २७ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

तिसऱ्या शंकेमुळे धाग्याचं काश्मीर होणार, भांडणं पेटणार. मी शेव-चिवडा घेऊन बसलोय.

---

ओसरी | २७ नोव्हेंबर, दुपारी १:२० (डबा खाता खाता)

होऊ देणार नाही. तिसरी आधी संपवते: राख कित्येक किमी उंचावर होती, हवामान खात्यानेही जमिनीलगतच्या हवेवर फारसा परिणाम नाही असंच सांगितलं. दिल्लीचं धुरकं दिल्लीचंच, त्याचं श्रेय इथिओपियाला देऊ नका.

दुसरी: गेलीच की बरीचशी विमानं. काहींनी वाट बदलली, काहींनी उंची. पण लोट म्हणजे एक जाड चादर नसते. निरनिराळ्या उंचीवर निरनिराळे पदर, आणि वारा प्रत्येक पदर वेगळीकडे नेतो. शिवाय खालून जायचं तर इंधन जास्त लागतं.

पहिली शंका मस्त आहे, हिच्यावर वेळ घालवायला मला आवडेल.

सगळ्यात जुनी रीत सावलीची. शाळेत नारळाच्या झाडाची उंची सावलीवरून काढायचो, तेच. समजा सूर्य क्षितिजाच्या २० अंश वर आहे आणि लोटाची सावली खालच्या ढगांवर ३० किमी लांब पडली आहे. उंची साधारण ११ किमी. (खालचे ढग स्वतः किती उंच आहेत तेही मिळवा, हे विसरलं की आकडा चुकतो. माझा चुकला होता.) सकाळ-संध्याकाळ बरी, भर दुपारी उपयोग नाही, रात्री तर नाहीच.

दुसरी रीत तापमानाची. वर जावं तशी हवा गार होते. लोटाचा माथा आजूबाजूच्या हवेइतकाच गार झाला असं धरलं, तर उणे ६० अंश म्हणजे अमुक उंची, असा तक्ता लावता येतो. इथे एक खोच आहे. विषुववृत्ताजवळ १६-१७ किमीपर्यंत हवा गार होत जाते आणि त्यानंतर, स्थितांबरात, परत उबदार व्हायला लागते. म्हणजे एकाच तापमानाच्या दोन उंची निघतात. लोट दणकट असेल तर तक्ता फसतो.

टोंगाला असाच फसला. १५ जानेवारी २०२२, हुंगा टोंगा-हुंगा हापाई, प्रशांत महासागरात पाण्याखालचा ज्वालामुखी. तिथे तिसरी रीत वापरली. सिंहगडावर एक जण, पुरंदरावर दुसरा, आणि मधे आभाळात एक घार. दोघांना ती मागच्या वेगवेगळ्या डोंगरांसमोर दिसणार. त्या फरकावरून घार किती उंच ते काढता येतं. टोंगाच्या वेळी सिंहगड-पुरंदरच्या जागी जपानचा हिमावारी, कोरियाचा आणि अमेरिकेचा, असे तीन उपग्रह होते, प्रत्येकी ३६ हजार किमी उंचावर. उत्तर आलं ५७ किमी. स्थितांबर संपून वर मध्यांबर लागतं, त्यात लोट घुसला होता. एवढा उंच लोट याआधी कधीच मोजला गेला नव्हता.

आणि त्या लोटाने नुसती राख नाही, पाणीही अफाट फेकलं. स्थितांबरात गेलेली वाफ सुमारे १४.६ कोटी टन भरली. पुणेकरांसाठी: खडकवासल्याचा उपयुक्त साठा दोन टीएमसीच्या आसपास, त्याच्या अडीचपट पाणी एका दुपारी आभाळात. एरवी तिथे जेवढी वाफ असते त्याच्या दहा टक्के.

डबा गार झाला.

---

पर्जन्यछाया | २७ नोव्हेंबर, रात्री ८:४०

ओसरी, लेख उत्तम, पण "उणे आलं तर राख" हे फार सरळ झालं. हवामानाच्या क्षेत्रात असल्याने थोडा खडा टाकतो.

वाळवंटाच्या वाळूतही सिलिकाच असते. निरभ्र रात्री अरबस्तानावर किंवा थरच्या वाळवंटावर नुसती जमीनसुद्धा उणे उत्तर देते. धुळीचं वादळही देतं. म्हणजे हा लोट ज्या वाटेने आला त्याच वाटेवर ही युक्ती सगळ्यात जास्त गंडते. दुसरं, उद्रेकाच्या पहिल्या तासात लोट इतका घट्ट असतो की आरपार काही येत नाही, मग वजाबाकी शून्याला चिकटते. तिसरं, लोटात पाणी भरपूर असेल तर राखेच्या कणांवर बर्फ चढतं आणि राख ढगाचं सोंग घेते. टोंगाला हेच झालं.

म्हणून कुठलंही केंद्र एका वजाबाकीवर विमानं थांबवत नाही. वाऱ्याची प्रारूपं, वैमानिकांचे निरोप आणि सल्फर डायऑक्साइडचं मोजमाप, सगळं शेजारी ठेवतात. या वायूसाठी सध्या युरोपच्या सेंटिनेल-५पी उपग्रहावरचं ट्रोपोमी यंत्र सगळ्यात तीक्ष्ण. २०१७ पासून वर आहे, दिवसातून एकदा अख्खी पृथ्वी बघतं. पण सूर्यप्रकाशावर चालतं, रात्री आंधळं.

या वायूचीही एक गंमत आहे. १९७८ मध्ये निंबस-७ नावाचा उपग्रह गेला, त्यावर ओझोन मोजायचं टॉम्स यंत्र होतं. १९८२ मध्ये मेक्सिकोत एल चिचोन फुटला आणि तिथल्या ओझोनच्या आकड्यांत भलतीच गडबड दिसायला लागली. खोलात गेल्यावर कळलं की यंत्र बिघडलेलं नाही, मधे सल्फर डायऑक्साइड आलाय आणि तोही त्याच अतिनील किरणांना गिळतोय. ज्वालामुखीचा वायू अवकाशातून मोजायची विद्या अशी चुकून हाती लागली.

---

ओसरी | २७ नोव्हेंबर, रात्री ९:०२

मान्य, शंभर टक्के. मी अरबस्तानावरच्या चित्रात जे गुलाबी-गुलाबी बघून हरखले त्यातलं थोडं नुसतं वाळवंट असणार. मूळ लेखात दुरुस्ती करत नाही, खाली तुमचा प्रतिसाद आहेच.

---

जास्वंदी | २७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

त्या पहिल्या फोटोतल्या गोल भोकाचं काय पण? मला तर तेच सगळ्यात आवडलं. धक्क्याने ढग फाटले ना?

---

पर्जन्यछाया | २७ नोव्हेंबर, रात्री १०:१५

सुरुवातीला नासाच्या संकेतस्थळावरही तसंच लिहिलं होतं. फोटो प्रसिद्ध झाल्यावर शास्त्रज्ञांमध्येच जुंपली, आणि मग नासाने खाली टीप जोडून तीन शक्यता दिल्या. एक, स्फोटाच्या धक्क्याने ढग हटले. दोन, खांब वर चढतो तशी कडेची हवा खाली येते, खाली येताना तापते आणि ढग विरतात. तीन, भोकाचा ज्वालामुखीशी संबंधच नाही, समुद्रात उभ्या डोंगरावरून वारा वाहताना पलीकडे अशी भोकं तशीही पडतात. मला स्वतःला दुसरी पटते. पांढरी टोपी मात्र वादातीत आहे: खांबाने वरची दमट हवा झपाट्याने उचलली, ती गार झाली, ढग जमला. उभ्या पावसाळी ढगाच्या डोक्यावरही कधीकधी अशी टोपी असते. मे महिन्यात संध्याकाळी बघा.

---

अबोली_फोंडा | २८ नोव्हेंबर, सकाळी १०:१२

आमच्या गोव्याचा संबंध कुणीच काढला नाही म्हणून मीच काढते. :)

भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी म्हणजे अंदमानातलं बॅरन बेट. १७८७ मध्ये उद्रेकाची नोंद आहे, मग दीडशेहून जास्त वर्षं शांत, आणि १९९१ पासून परत अधूनमधून धुमसतो. तर जानेवारी २०१७ मध्ये दोनापावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची माणसं सिंधू संकल्प जहाजावरून त्या बेटाजवळ समुद्रतळाचे नमुने घेत होती. २३ तारखेला त्यांच्या डोळ्यांसमोर राख उडायला लागली. जहाज मैलभर मागे घेतलं आणि बघत राहिले. पाच-दहा मिनिटं उसळायचा, परत गप्प. दिवसा नुसते राखेचे ढग, सूर्य मावळल्यावर तोंडातून लाल लाव्ह्याची कारंजी आणि उतारावरून खाली ओघळ.

मला यात मजा ही वाटते की दिवसा त्यांना लाव्हा दिसला नाही, राख दिसली. रात्री राख दिसली नाही, लाव्हा दिसला. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात मात्र भर दिवसाही बॅरनच्या तोंडाशी केशरी ठिपका दिसतो कधीकधी, कारण त्यात उष्णतेजवळचा अदृश्य पट्टा रंगवलेला असतो. गेल्या वर्षी मी मुलाला दाखवला. म्हणाला, "आई, बेटाला टिकली लावलीय."

---

भूछत्री | २८ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

इथिओपिया, टोंगा, अंदमान सगळं झालं. आपण सगळे सह्याद्रीच्या बेसॉल्टवर बसून हे लिहितोय, तो पण ज्वालामुखीच. मग महाराष्ट्रात ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे? कळसूबाई का?

---

गुर्जी_जुन्नर | २८ नोव्हेंबर, सायंकाळी ६:५०

भूगोल शिकवून निवृत्त झालो, त्यामुळे हा प्रश्न आला की हात आपोआप खडूकडे जातो. कळसूबाई नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लांबच लांब भेगांतून आला. थरावर थर, मधे कुठे कुठे विटकरी लाल पट्टा. घाटात गाडी थांबवून बघा. तो पट्टा म्हणजे दोन थरांमधल्या विसाव्यात तयार झालेली जुनी माती. उंच खांब, छत्री, राख हा थाट यात फारसा नाही.

पण राख महाराष्ट्रात आलेली आहे! आमच्या जुन्नर तालुक्यातच. बोरी गावाजवळ कुकडी नदीच्या काठच्या गाळात पांढरट-करड्या राखेचा थर आहे. ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानतात, म्हणजे तीन हजार किमीहून लांबची. कुठल्या स्फोटाची यावर विद्वानांत जोरदार वाद आहे: ७५ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची, की त्याच्याही कितीतरी आधीच्या, काही लाख वर्षं जुन्या. वाद एवढ्यासाठी तापला की त्याच ठिकाणी आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत, राखेचं वय ठरलं की हत्यारांचं ठरतं.

१९९४ मध्ये मुलांची सहल नेली होती तेव्हा एका औषधाच्या बाटलीत चिमूटभर आणली. (आता कुणी आणू नका, ते पुरातत्त्वाचं ठिकाण आहे. आम्हाला तेव्हा अक्कल नव्हती.) बोटांत चोळली तर मैद्यासारखी मऊ वाटते, आणि दाताखाली गेली तर करकरते. "राख" हा शब्द फसवा आहे. चुलीतली राख म्हणजे जळून उरलेलं. ही काहीच जळून उरलेली नाही, दळलेला दगड आणि काच. आमच्या सौंनी एकदा त्यातल्या कणभराने पितळी फुलपात्र घासलं होतं. लख्ख निघालं, पण ओरखडे अजून आहेत.

---

इंजिनवाला | २८ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१५

गुर्जी, तुमचं फुलपात्र आणि कॅप्टन मूडींची काच, दोन्हींचा रोग एकच.

---

शंकासूर | २८ नोव्हेंबर, रात्री ८:००

शेवटची शंका. मग आता थंडी जास्त पडणार का? एका वाहिनीवर ऐकलं.

---

पर्जन्यछाया | २८ नोव्हेंबर, रात्री ८:२२

नाही. पृथ्वी गार करायला राख नाही, गंधक लागतं, आणि ते भरपूर प्रमाणात स्थितांबरात जाऊन टिकावं लागतं. १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या पिनाटुबोने पावणेदोन-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला, तेव्हा जगाचं सरासरी तापमान अर्ध्या अंशाने उतरलं, तेही तात्पुरतं. हायली गुब्बीचा मोठा जोर एका दिवसात ओसरला. आपला लोट मंगळवारी संध्याकाळी चीनकडे निघूनही गेला. स्वेटर नेहमीच्या थंडीसाठी काढा.

---

दर्यावर्दी | २९ नोव्हेंबर, पहाटे ५:४०

अब्बा-अम्मी पोचले. अब्बांनी खिडकीची जागा मागून घेतली होती. मुंबई सोडल्यापासून ओमान येईपर्यंत बाहेर बघत होते म्हणे, अम्मी झोपून उठल्या तरी बघतायत. फोनवर पहिलं वाक्य, "काही दिसलं नाही रे." मग म्हणाले, त्या वजाबाकीवाल्या बाईंना सांग.

---

ओसरी | २९ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

सांगितलं पोचलं. :)

---

जास्वंदी | २९ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

गुर्जी, ती बाटली अजून आहे का? फोटो टाका ना.

---

गुर्जी_जुन्नर | ३० नोव्हेंबर, दुपारी ४:०५

आहे, देव्हाऱ्याच्या खालच्या खणात होती. आज जुन्या शाळेत जाऊन प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक उघडून घेतला. काचपट्टीवर पाण्याचा थेंब, त्यात सुईच्या टोकावर मावेल एवढी राख.

एकही कण गोल नाही. सगळे पारदर्शक, वाकडे, धारदार तुकडे. काही इंग्रजी वाय अक्षरासारखे तीन फाट्यांचे, काही फुटक्या बांगडीसारखे बाकदार. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे होते, ते फुटले आणि त्यांच्या भिंती अशा उरल्या. तीन बुडबुडे जिथे एकमेकांना टेकले होते तिथला तुकडा वायसारखा. शिपाईमामांनी डोळा लावला आणि म्हणाले, "सर, ही तर फुटलेली बरणी."

मोबाइल भिंगाला टेकवून फोटो घेतोय, पण हात हलतो आणि नुसता पांढरा गोल येतो. उद्या नातीला घेऊन जातो.